फाटकापाशी ठेवलेला खोका

फाटकापाशी पुठ्ठ्याचा खोका, केळ्यांचा.
त्यावर खडूनं, पोराच्या अक्षरात,
'घ्या, फुकट आहेत'
आणि शेवटी, चुकून की काय, प्रश्नचिन्ह.

मी सायकलवरून उतरते.
इकडेतिकडे बघते, उगीचच.
फुकट दिलेलं घेण्यात कसली आली चोरी;
पण या झाडाखाली मी आजवर
कुणाला विचारून हात पुढे केलेला नाही.

मार्चमध्ये, बँकेतल्या काचेच्या खोलीत
रूनेनं त्याच्या बाजूला सही केली, मी माझ्या.
पैशांचे सरळ दोन भाग झाले.
झाडाचे होईनात,
म्हणून ते घरासोबत गेलं,
विहीर, तीन पायऱ्या
आणि पोटमाळ्यावरच्या गांधीलमाश्यांसकट.

भांडण त्यावरून नाही झालं.
भांडण झालं आईच्या केकच्या भांड्यावरून:
निळ्या काठाचं इनॅमल, तळाशी टवका उडालेला,
जुन्या बाजारात कुणी पन्नास क्रोनाही देणार नाही असं.
तो म्हणाला, तू कुठे काय भाजतेस?
मी म्हणाले, आणि तू?
या गोष्टीला आता सहा महिने झाले.

माझ्या फ्लॅटमधला ओव्हन डावीकडून जास्त तापतो.
फेकवत नाहीत म्हणून पावाच्या कडा
मी आठवडाभर हीटरवर वाळवते.
आज लाटण्याखाली त्या मोडतात
तळ्यावरचा पहिला पातळ बर्फ बुटाखाली मोडतो, तशा.
लोण्यात चुरा परतायचा. हलवत राहायचं.
सोनेरी आणि करपलेला यांत
दाराची बेल वाजण्याएवढंच अंतर असतं.
बेल काही वाजत नाही.

आईच्या वहीत सगळं आहे आणि काहीच नाही:
लोणी, पुरेसं.
साखर, सफरचंद चाखून.
वेलची, पाहुणे असतील तर.
भाजावं, होईपर्यंत.
पत्रंही ती अशीच लिहायची,
पोस्टाचं तिकीट शब्दांच्या वजनावर लागतं
अशा समजुतीनं.

पाहुणे नाहीत.
वेलची घालते.

एका सफरचंदात अळी निघाली, जिवंत,
पांढऱ्या गरात बोगदा खणत मधोमध पोचलेली.
तेवढा भाग कापून तिला खिडकीबाहेरच्या कुंडीत ठेवलं.
माझ्याइतकंच तीही त्या अंगणातून उठून आलेली.

एक थर चुऱ्याचा, एक थर फोडींचा, पुन्हा चुरा.
काचेचं भांडं लहान पडलं.
आईच्या भांड्यात सगळं मावलं असतं
हे मी मोठ्यानं बोलले,
आणि स्वयंपाकघरानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

चाळीस मिनिटं. मग आणखी दहा, डावी बाजू उजवीकडे फिरवून.
वास दाराखालून जिन्यात गेला.
खालच्या मजल्यावरच्या गुनवोरबाईंचा कुत्रा भुंकला,
तो एरवी फक्त पोस्टमनवर भुंकतो.

सुरी घेतली तर हात सवयीनं
बरोबर मधोमध चालला.
दोन माणसांत वाटण्याची सवय
वकिलाच्या कागदानं जात नाही.
अर्धा केक समोर. अर्ध्याचं काय करायचं?
फोटो काढला. वाकडा आला.
तसाच रूनेला पाठवला, शब्दाविना.

भांडी घासून झाली, तोवर बाहेर अंधार,
सप्टेंबरच्या अखेरीला पडतो तसा, कुणाला न विचारता.
मग टेबलावर फोन थरथरला:
'व्हॅनिला सॉस थंडच ठेवलायस ना?'

सहा महिन्यांनंतर, हे.
मला हसू आलं, आणि रागही,
आणि सॉस खरंच करायचा राहिला होता.

दूध तापत ठेवलं. अंड्यातला बलक फेटला.
एका हातानं ढवळत दुसऱ्या हातानं लिहिलं:
'थंड होईल, तू पोचेपर्यंत.
भांडं आण.'

खोक्यातून आणलेली सात उरलीत.
उद्या खोका परत नेऊन ठेवीन म्हणते फाटकापाशी,
खाली खडूनं लिहीन, 'घेतली',
आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह नाही.